डावी सुई

कंपनी दर सहा महिन्यांनी दोन कव्हरऑल देते,
जुने परत मागत नाही.
काही गाडी पुसण्यात गेले,
काही हारिसने नेले, लिफ्टच्या दारात पाय पुसायला,
तरी सतरा उरले
फाहाहीलच्या या चौथ्या मजल्यावर, पलंगाच्या पोटात.
निळे. म्हणजे कधीकाळी निळे.

आठ वेळा धुतले. तेलाचा वास जात नाही.
विद्याधर म्हणतो, कसला वास?

ऑगस्टात दुपारी बाहेर पाऊल टाकायचं नसतं.
एसीच्या घरघरीखाली मी फरशीवर चादर पसरते,
बसते उसवत
खिसे, चेन, कॉलर,
छातीवरचा नावाचा तुकडा.
गुडघे वेगळे ठेवते. सतराच्या सतरा कव्हरऑलचे
गुडघेच आधी विरलेत.
हा माणूस तिथे इतका वेळ गुडघ्यांवर असतो
हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सुई मावशीची.
वच्छीमावशीने आरवलीत निम्म्या गावाच्या वाकळा शिवल्या
ह्याच एका सुईने,
मजुरी कधी पायलीभर तांदूळ, कधी नुसता चहा.
जाताना तिने सोनंनाणं वाटलं नाही, नव्हतंच.
तेलाच्या फडक्यात गुंडाळून सुई माझ्या हातात दिली,
गंजू देऊ नको, एवढंच म्हणाली.
विमानतळावरच्या पोराने ती उजेडात धरली,
विचारलं, हे हत्यार आहे का?
मी म्हटलं, असेल.

सुई वाकडी आहे.
पन्नास वर्षं एकाच अंगठ्याने रेटलं की लोखंडही ऐकतं.
आणि मावशी डावखुरी.
माझ्या उजव्या हातात ती टाक्यागणिक
संध्याकाळच्या गुरासारखी आपल्या घराकडे वळते.
मी तिला हाकलून रांगेत आणते.
बोटाला भोक. तोंडात शिवी. पुन्हा धावदोरा.

कचरा न्यायला शफीकुल येतो,
दारातून बघतो, चप्पल काढून आत येतो,
वाकून टाक्यांवरून बोट फिरवतो.
आमच्यात कांथा म्हणतात. मा शिवायची.
मग थोडं थांबून, तुमची ओळ वाकडी जाते, मॅडम.
माहीत आहे, मी म्हणते.

फोनची बॅटरी संपली म्हणून शाल्मली येऊन बसली.
सुई उचलली, दोरा आधीच ओवलेला,
डाव्या हातात.
(पेन्सिल उजव्या हातात दे, सासूबाई व्हिडिओ कॉलवरून
तीन वर्षं सांगत होत्या.
मीही एकदा तिचा हात धरला होता.
एकदा नाही.)
पहिला टाका. दुसरा. वीतभर गेली ओळ.
सुई कुठेच वळली नाही.
ह्यात एवढं काय अवघड आहे, आई?
मी गुडघ्यांचा गठ्ठा उगाच पुन्हा मोजला.

ऑक्टोबरात पुरी झाली.
शेवटचा कोपरा मिटण्याआधी चिमूटभर तांदूळ घालायचे,
वाकळीला उपाशी निजवू नये, मावशी म्हणायची.
घरात बासमती होता. तोच घातला.
कोपरा शाल्मलीने मिटला,
गाठ मी मारली, तिला अजून गाठ येत नाही.

पाठीवरची एक चमकती पट्टी उसवायची राहिली.
रात्री पाणी प्यायला उठते, मोबाइलचा टॉर्च लावते
आणि विद्याधरच्या अंगावर
लख्ख रेघ उठते, खांद्यापासून खांद्यापर्यंत.
क्रेनवाल्याला लांबून दिसावा, त्याने वेळेत थांबावं,
म्हणून लावलेली ती पट्टी.
तो कुशीवर वळतो, पांघरूण ओढतो.
मी हातात ग्लास घेऊन
थांबते.